त्या दुपारचा उतार

पिंपरी,
१७ नोव्हेंबर १९५७

ती. सौ. अक्का हिस,
ज्योतीरामचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुझं कार्ड पोचलं. कार्डावर इतकं बारीक लिहितेस की वाचायला तुझ्या घरच्या मास्तरांचा चष्मा मागवून घ्यावा लागेल. यापुढे पाकीट घालत जा. मीही आज पाकीटच घालतो आहे, कारण जे लिहायचं आहे ते पोस्टमनने वाटेत वाचलेलं मला चालणार नाही.

अक्का, दादाचं काही खरं नाही. पुण्याच्या इस्पितळात त्याचं पोट उघडलं आणि काही न काढता तसंच शिवून टाकलं. मोठ्या डॉक्टरांनी मला व्हरांड्यात बोलावून सांगितलं की जठराच्या मागे स्वादुपिंड म्हणून एक अवयव असतो, त्याला कॅन्सर झाला आहे आणि तो पुढे यकृतातही गेला आहे. डोळे पिवळे झाले होते ते त्यानेच. आपण मात्र कावीळ म्हणून गावोगावचे कावीळ उतरवणारे पालथे घातले. रोग रेड्याला आणि औषध पखालीला म्हणतात तसं झालं. आता करण्यासारखं काय आहे असं मी विचारलं, तेव्हा डॉक्टर म्हणाले की घरी न्या, मागेल ते खायला द्या, दुखेल तेव्हा शेक द्या, आणि शेकाने भागेनासं झालं की सुई द्या. एवढ्या शिकलेल्या माणसाच्या तोंडून शेक हा शब्द ऐकून मी काय ते समजलो.

दादाला आतड्याची सूज एवढंच सांगितलं आहे. वहिनीला खरं सांगितलं. तिने ऐकून घेतलं, पदर खोचला आणि दादाची वळकटी बांधायला लागली.

आता तो चाकणला, आपल्या वाडीवरच आहे. मी सुट्टीच्या दिवशी सायकलने मोशीवरून जातो. दादाला उताणं निजता येत नाही. दुखणं पोटातून निघून थेट पाठीत जातं. मग तो पुढे वळकटी घेतो, तिच्यावर छाती टेकून वाकून बसतो आणि वहिनी त्याच्या पाठीला विटेचा शेक देते. वीट चुलीत तापवायची, चिमट्याने काढायची, जुन्या घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळायची आणि दोन्ही हातांनी पाठीला लावून धरायची. एक निवेपर्यंत दुसरी तापत असते. त्याने दुखणं जात नाही, जरासं बाजूला सरकतं, असं दादा म्हणतो. मी पुण्याहून गरम पाण्याची रबरी पिशवी नेली होती. ती लावल्यावर दादा म्हणाला की पाठीवर बेडूक बसल्यासारखं वाटतंय, काढ ते. एवढ्या दुखण्यातही त्याची जीभ शाबूत आहे.

आणि खरी अडचण पुढेच आहे. चाकणचे डॉक्टर सुई द्यायला तयार आहेत, पण त्यांनी दादाच्या समोरच सांगून टाकलं की ही अफूची सुई आहे. झालं. दादा म्हणाला की माझ्या गळ्यात माळ आहे, नशेचं काही अंगात जाणार नाही. डॉक्टरांनी समजावलं, मी समजावलं, गावातली चार माणसं बोलली. तो हलायला तयार नाही. तुला ठाऊकच आहे, आबांनी दारूत घालवलेली जमीन दादाने ती माळ घालून परत उभी केली. त्याच्या लेखी माळ म्हणजे नुसते तुळशीचे मणी नाहीत. म्हणून एक वीट आणि एक वहिनी, एवढंच आमच्या हाती उरलं आहे.

मी कारखान्यात बॉयलरवर असतो. दिवसभर काट्याकडे बघत बसायचं, वाफ किती, दाब किती. दादाच्या पाठीला किती ऊब पुरेल हे सांगणारा काटा कुठे मिळतो ते कळत नाही. तू वडील आहेस, काही सुचलं तर लिही.

सौ. रुक्मिणीचा तुला नमस्कार. मास्तरांना माझा नमस्कार सांग. धाकट्यावरचा लोभ आटू देऊ नकोस.

तुझा,
ज्योतीराम


बार्शी,
२५ नोव्हेंबर १९५७

चि. ज्योतीराम यास,
कौशल्याअक्काचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र आलं तेव्हा मी जात्यावर बसले होते. दळण तसंच राहिलं. ह्यांनी पत्र दोनदा वाचून दाखवलं, मग मी त्यांच्या हातातून ओढून घेऊन स्वतः वाचलं. जणू मी वाचल्यावर त्यात दुसरं काही लिहिलेलं निघणार होतं.

मी लगेच निघाले असते. पण इंदू बाळंतपणाला आली आहे, पहिलटकरीण आहे, पाय सुजलेत, आणि तिच्या सासूने तिला माझ्या भरवशावर पाठवली आहे. इकडे लेक आणि तिकडे भाऊ. देवाने मला दोन देह द्यायला हवे होते, पण त्याने जीभच तेवढी दोघींची दिली, असं हे म्हणतात.

वहिनीला सांग की पुढून, शिवलेल्या पोटावर वीट ठेवू नको. घोंगडीच्या आत ओलं फडकं ठेवू नको, वाफेने कातडी सोलते. मधूनमधून मिठाची पुरचुंडी तव्यावर तापवून लाव, तेवढाच विटेच्या वजनापासून आराम. हे सगळं तिला माझ्याआधी ठाऊक असेल. पण लांब बसलेल्या माणसाने सल्ला नाही द्यायचा तर काय करायचं?

आणि त्या मारुतरावाला दाराबाहेर ठेव. त्याने गेल्या वर्षी शेजारच्या म्हातारीच्या पोटाला विळा तापवून डागण्या दिल्या होत्या. तो दादाजवळ विळा घेऊन आला तर वहिनीने त्याच विळ्याने त्याला डाग द्यावा, मी तिची ओटी भरीन.

आता सुईचं. ज्योती, लहानपणी तू एरंडेल प्यायचा नाहीस. घरात नुसता थयथयाट. मग दादाच तुला गुळाच्या काकवीत घालून द्यायचा आणि तोंडाने ही काकवीच आहे म्हणून शपथा घ्यायचा. त्याने तेव्हा खोटं बोलून तुझं पोट साफ केलं, तसं तूही एकदा कर. तुझा तो औषधाचा कारखाना काय कामाचा? सांग की आमच्या कारखान्यात निघालेलं नवं औषध आहे. तुझ्या कारखान्याचं नाव निघालं की त्याची छाती फुगते, मला माहीत आहे. पाप लागलंच तर माझ्या नावावर घाल. आमच्याकडे त्याला जागा आहे.

रडत लिहिते आहे, म्हणून अक्षर मोठं आलं आहे. तुझी तक्रार आपोआप मिटली.

दादाला माझे नमस्कार आणि वहिनीला आशीर्वाद. माया आहे तशीच ठेव.

कौशल्या


पिंपरी,
९ डिसेंबर १९५७

ती. सौ. अक्का हिस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. काल रविवारी केलं.

डॉक्टरांकडे आधी गेलो. ते म्हणाले की मी स्वतः खोटं बोलणार नाही, पण मी बॅग उघडत असताना तुम्ही काय बोलता याकडे माझं लक्ष नसेल. भला माणूस आहे. आम्ही वाडीवर पोचलो तेव्हा दादा वळकटीवर वाकलेला होता, कपाळावर घाम होता आणि वहिनीने नुकतीच चुलीतून काढलेली वीट पाठीला धरली होती. मी सांगितलं की हे आमच्या कारखान्यात निघालेलं ताकदीचं इंजेक्शन आहे. त्याला शंका येऊ नये म्हणून मी पुढे आणखी शहाणपणा केला. सांगितलं की दुखण्याशी याचा काही संबंध नाही, याचा गुण यायलाही महिना लागेल, नुसती ताकद येते. दादाने लगेच बाही वर केली. दारात गडी गेनू उभा होता, त्याला म्हणाला की बघ, आमच्या ज्योतीच्या हातचं हाय. अक्का, मला डॉक्टरांच्या बॅगेत शिरून बसावंसं वाटलं.

थोड्या वेळाने त्याच्या कपाळाची आठी सुटली. मग त्याने पुढची वळकटी आपल्या हाताने दूर केली. मग तो कुशीवर आडवा झाला आणि त्याने पाय लांब केले. इतक्या दिवसांत आम्ही त्याचे लांब केलेले पाय पाहिले नव्हते. वहिनी विटेवरचा हात काढायला तयार नव्हती. वीट केव्हाच निवली होती, पण हात काढला तर तो जागा होईल अशी तिला भीती. तशीच अवघडून बसून राहिली, आणि मी अंगणात जाऊन रडलो.

दिवेलागणीला तो उठला. ताक-भाकरी मागितली. दोनच घास खाल्ले, पण मागून खाल्ले. कांद्याच्या रोपांना पाणी दिलं का विचारलं. वहिनीला म्हणाला की इतकी वर्षं तुला भाकरी नीट भाजता येत नव्हती, वीट मात्र आज झकास भाजलीस. मग मला म्हणाला की वीट लागू पडली बघ, आज कुठे बरोबर जागेवर बसली.

वहिनी लाजली. खरंच लाजली अक्का, नवी नवरी लाजते तशी. तोंडावर पदर घेऊन चुलीकडे गेली आणि तिथे उगाच राख सारत बसली. तिला आम्ही बेत सांगितला नव्हता, कारण दादापुढे तिला खोटं बोलता येत नाही, एका दमात पकडली जाते. मी तिच्यामागे चुलीपर्यंत गेलो आणि परत फिरलो. काय सांगणार होतो? तो उतार तुझ्या विटेचा नव्हे, अफूचा होता म्हणून?

परतताना मोशीच्या चढावर दम लागला तरी मी सायकलवरून उतरलो नाही. बरं वाटत होतं. तुला कळवावं म्हणून लगेच लिहिलं.

इंदूची काळजी घे. आशीर्वादाचा हात असू दे.

तुझा,
ज्योतीराम


बार्शी,
१६ डिसेंबर १९५७

चि. ज्योतीराम यास,
अनेक आशीर्वाद.

दादाने ताक-भाकरी मागितली हे वाचून मी ह्यांना शिरा करून घातला. ते विचारत होते आज कोणता सण. मी सांगितलं, पाय लांब केल्याचा.

वहिनीला काही सांगू नकोस. तिच्या पदरात एवढं एक यश पडलं आहे, ते असू दे. तीस वर्षांच्या संसारात तिला मूल झालं नाही, ते बोल तिने गावाचे ऐकले, तुला पोटच्या पोरासारखं वाढवलं तर तू शिकून पिंपरीला पळालास. आता निदान वीट तरी तिची म्हणू दे. खोटं आहे खरं, पण गोड आहे. तू आपला दर रविवारी जाऊन ताकदीचं इंजेक्शन देत राहा. रविवार लांब पडत असेल तर डॉक्टरांना अधूनमधून परस्पर जायला सांग. झाकली मूठ आहे, झाकलेलीच राहू दे.

इंदूचे दिवस भरत आले. सुंठ कुटते आहे, डिंक निवडते आहे. माझं चित्त मात्र चाकणला आहे, त्यामुळे परवा सुंठीत खडा गेला आणि हे दातावर हात धरून बसले.

पत्राला उशीर लावू नकोस. तुझ्या पत्रावर माझं जेवण असतं.

कौशल्या


पिंपरी,
३० डिसेंबर १९५७

ती. सौ. अक्का हिस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

मूठ झाकलेलीच आहे, पण आत काय झालं ते ऐक.

पुढच्या रविवारी डॉक्टरांना घेऊन गेलो तर दादाने बाही वर केलीच नाही. म्हणाला की ताकद कशाला हवी आता? ताकद आली तर दुखणं सोसायला जीव आणखी चार दिवस मागे राहायचा. ते औषध एखाद्या पोराला दे. मला माझी वीट पुरते. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले आणि मी जमिनीकडे. मीच सांगितलं होतं ना, दुखण्याशी याचा संबंध नाही म्हणून. माझ्याच शहाणपणाने मी त्याच्या औषधाला कडी घातली.

कालच्या रविवारी म्हटलं, दुसरी थाप मारावी. सांगितलं की हे वेगळं इंजेक्शन आहे, खास दुखण्यावरचं. त्याने माझ्याकडे टक लावून पाहिलं. गळ्यातली माळ पुढे केली आणि म्हणाला की हिला हात लावून सांग, यात अफू न्हाई म्हणून. अक्का, मी हात पुढे केला. पण मण्यांपर्यंत गेला नाही. तो रागावला नाही. माळ परत छातीवर ठेवली आणि म्हणाला की मग वीटच बरी. पहिल्या सुईचा संशय मात्र त्याला अजून आलेला नाही. ती ताकदीची होती, यावर त्याचा विश्वास आहे. माझ्यावरच्या विश्वासाचंच फळ म्हणायचं ते.

पण याहून वाईट वहिनीचं आहे. ती तो रविवार शोधते आहे. त्या दिवशीची वीट कोणती होती ती तिने ओळखून वेगळी काढली आहे. त्या दिवशी चुलीत बाभळीचं लाकूड होतं, म्हणून आता बाभळच जाळते. घोंगडीचा तोच तुकडा, पाठीवर तीच जागा, लुगडंसुद्धा तेच. आणि दादाला काही उतार पडत नाही. तो विव्हळतो आणि आणखी गरम मागतो, म्हणतो की त्या दिवशीसारखी कर. ती आणखी तापवते. त्याच्या पाठीवर तांबूस काळपट जाळी उमटली आहे, काल मधोमध फोड आला. वहिनीचे तळवे बघवत नाहीत. घोंगडी पातळ ठेवते, जाड ठेवली तर ऊब त्याच्यापर्यंत पोचत नाही म्हणून, आणि मग तिचे हात पोळतात. दोन्ही हातांना फोड येऊन फुटले आहेत. मी रुक्मिणीला पाठवलं होतं, दोन दिवस राहिली, तिच्या हातचा शेक दादाला चालला नाही. त्याला त्या दिवशी ज्या हाताने बरं वाटलं तोच हात हवा.

निघताना वहिनी मला गोठ्यापर्यंत सोडायला आली. तिने विचारलं की भावजी, त्या दिवशी जमलं होतं, मग आता का जमत न्हाई, माझं काय चुकतंय? मी म्हटलं की थंडी वाढली आहे.

काय करू ते कळव.

तुझा,
ज्योतीराम


बार्शी,
६ जानेवारी १९५८

चि. ज्योतीराम यास,
आशीर्वाद.

इंदूला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. घरात सोयर आहे, मला उंबरा ओलांडता येत नाही, आणि आलं तरी काय करणार आहे.

मागचं पत्र मी मूर्खासारखं लिहिलं. ह्यांनी तेव्हाच नाक मुरडलं होतं, मी ऐकलं नाही. ज्योती, काही झालं तरी वहिनीला खरं सांग. पत्र मिळेल त्या दिवशी जा, रजा टाक, रविवारची वाट बघू नकोस. ती बाई आपल्या हातात नसलेल्या गोष्टीची शिक्षा आपल्या हातांना देते आहे. तिला सांग की तिचं काही चुकत नाही. शिव्या देईल त्या घे. त्यातल्या अर्ध्या माझ्या आहेत, तशाच इकडे कळव.

दादाचं काय करायचं ते ती ठरवील. आपण दोघांनी ठरवून बघितलं.

जास्त लिहवत नाही. सांभाळून राहा आणि तिला सांभाळ.

कौशल्या


पिंपरी,
२० जानेवारी १९५८

ती. सौ. अक्का हिस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

पत्र मिळालं त्याच दिवशी गेलो. उशिरा कळवतो आहे, कारण तिथून निघताच आलं नाही. आज पाळी चुकवता येईना म्हणून कारखान्यात आलो आहे आणि बॉयलरजवळ बसूनच लिहितो आहे.

वहिनीला परसात बोलावून सांगितलं. सगळं सांगितलं, तुझी काकवी, माझी ताकद, डॉक्टरांची बॅग. तिने मला शिवी दिली नाही. तुझ्या वाट्याचीही नाही. आत गेली, चुलीत तापत असलेली वीट चिमट्याने काढली आणि अंगणात नेऊन ठेवली. मग तिथेच बसली. तिने विचारलं, म्हणजे इतके दिवस मी त्यांना उगीच भाजत होते का? मी म्हटलं की तसं नाही, शेकाने थोडा आराम पडतोच, मोठे डॉक्टरसुद्धा म्हणाले होते. ती म्हणाली की मला वाटलं होतं, माझ्या हाताने एकदा तरी झालं. मला वाटलं होतं खरं कळल्यावर तिच्या डोक्यावरचं ओझं उतरेल. उतरलं असेलही. पण त्याच्याबरोबर आणखी काहीतरी मी तिच्या हातातून काढून घेतलं, ते मला तिच्या तोंडाकडे बघून कळलं.

दादाला सांगायला मला तिने जाऊ दिलं नाही. स्वतः गेली. मी दाराशी उभा होतो. तिने एवढंच सांगितलं की त्या दिवशीची सुई अफूची होती, वीट नव्हती, आता घ्यायची की नाही ते तुमीच बघा. मला वाटलं, आता दादा मला हाका मारील आणि घराबाहेर काढील. त्याने आधी हे विचारलं की तुला ठावं होतं का? ती नाही म्हणाली. मग तो म्हणाला की हात बघू.

तिने हात पदराखाली घेतले. त्याने ते ओढून बाहेर काढले. अक्का, इतके दिवस ती पाठीमागे बसत होती. त्याने तिचे हात पाहिलेच नव्हते. तो बराच वेळ ते उलटेसुलटे करून पाहत राहिला. मग मान वाकवून तिला म्हणाला की माळ काढ. गाठ जुनी, बसलेली, तिच्या सोललेल्या बोटांना सुटेना. मी पुढे झालो तर दादाने मला हाताने थांबवलं. तिनेच सोडायची होती. सोडली, देव्हाऱ्यात ठेवली. तेव्हा तो मला म्हणाला की बोलाव तुझ्या डॉक्टराला, हिला आता वीट धरायला लावणार न्हाई. आणि नंतर, डॉक्टरांची वाट बघत असताना, भिंतीकडे तोंड करून म्हणाला की आबाला जन्मभर शिव्या दिल्या, पर त्येला कुठं दुखत होतं ते मी कधी ईचारलं न्हाई.

तो माझ्यावर रागावला आहे की नाही ते कळलं नाही.

आता डॉक्टर रोज येतात. दादा झोपलेला असतो. पाय लांब असतात. सुई उतरायला लागली की कण्हतो, पुन्हा देतात, पुन्हा झोपतो. दुखत नाही, ही गोष्ट मोठीच. पण तो आता कुणाला हाकही मारत नाही. आधी दर घडीला वहिनीच्या नावाने हाक असायची. ती उशाशी बसून असते. हातांना रुक्मिणीने खोबरेल लावून फडकी बांधली आहेत. तिला करायला काही उरलेलं नाही. काल मी पाहिलं, तिने वीट कोमट केली, बांधलेल्या हातांनी नेली आणि त्याच्या पाठीशी नुसती टेकवून ठेवली. त्याला कळलंही नाही. मी तिला थांबवलं नाही.

आता फार दिवस नाहीत. तार आली तर घाबरू नकोस, असं लिहिणार होतो, पण त्याला काही अर्थ नाही.

बाळाला माझा पापा. तुझा आधार आहे, तो असू दे.

तुझा,
ज्योतीराम


चाकण,
१६ फेब्रुवारी १९५८

ती. सौ. अक्का हिस,
शि. सा. नमस्कार वि. वि.

तू दादाच्या दहाव्यापर्यंत राहून परत गेलीस, सुखरूप पोचल्याचं कार्ड मिळालं. आजचं हे पत्र वहिनीचं आहे. ती सांगते आहे तसं मी लिहितो आहे. एक शब्द बदलायचा नाही असं तिने मला बजावलं आहे.

वन्सं, तुमी आलता तवा घरात लई बाया व्हत्या, म्हनून ईचारता आलं न्हाई. माझं बरं हाय. हात भरून आले. कांद्याची लागण गेनूनं उरकली. भावजींवर माझा राग न्हाई आन् तुमच्यावर बी न्हाई. सुई नसती तर यांचा जीव लई हाल हून गेला असता, ते मला कळतंय. पर एक ईचारायचं हाय. त्या रविवारी सुई दिली तवा माझी ईट बी पाठीला व्हतीच की. नुकतीच चुलीतनं काढल्याली व्हती, मी दोनी हातानं धरली व्हती. मग यांनी पाय लांब केलं, निजलं, उठून भाकर मागितली, मला हसलं, तो जो उतार पडला त्यातला थोडा तरी ईटंचा असंल का? समदा न्हाई म्हनत मी. थोडा. तुमचं मास्तर शिकल्यालं हायती, त्यास्नी पुस्तकात बघाया सांगा. नसंल तर नसंल म्हनून लिवा. मी काय रडायची न्हाई.

इथवर वहिनीचं. ती समोर बसली आहे. तिला वाचता येत नाही, पण ओळी किती झाल्या ते बघते आहे, म्हणून माझं थोडक्यात. मी डॉक्टरांना हे विचारलं नाही, माझ्याने विचारवत नाही. तुझं उत्तर मलाच तिला वाचून दाखवायचं आहे. खोटं वाचायची ताकद आता माझ्यात नाही, आणि खरं वाचायची कधीच नव्हती. काय लिहायचं ते तूच बघ, पण लवकर लिही. पोस्टमन यायच्या वेळेला ती बांधावर जाऊन उभी राहते.

वहिनीवर लोभ असू दे.

तुझा,
ज्योतीराम